अक्काच्या निरोपाचं भाषण

सांगते, सगळं सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या मावसबहिणीनं चहा नाकातून काढला आणि वर मलाच म्हणाली, "तुझ्यामुळं!" सगळं माझ्यामुळंच होतं म्हणा. पण ह्या खेपेचा माझा घोळ एवढा मोठा होता की त्याच्यावर ट्रॅक्टर चढायचा. खोटं नाही. पुढं कळेलच.

मी मुळात घाबरट. कुकरची शिट्टी झाली की दचकते. शिट्टी होणार आहे हे माहीत असलं की जास्त दचकते. फोन वाजला की आधी मनातल्या मनात दोन-तीन नातेवाईक दगावतात, मग मी तो उचलते. बी.ए. झालं, बी.एड. झालं, पण "मला कळलं नाही, परत सांगा" हे वाक्य काही माझ्या तोंडातून निघत नाही. घशातच बसकण मारतं. समोरचा काहीही बोलू दे, मी मान हलवते आणि म्हणते, "हो हो!"

ह्या "हो हो"नं माझी जमलेली सोयरीक मोडायला आली होती.

झालं काय, मला मल्लिकार्जुनचं स्थळ आलं. घरचे त्याला मल्लू म्हणतात. नोकरी हैद्राबादला, गाव आमच्या सीमाभागातल्या भालकीपासून फार लांब नाही, पण मधे धरणाचं पाणी पसरलेलं. रस्त्यानं जायचं तर हा एवढा वळसा! बघायच्या कार्यक्रमात आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मल्लू बोलायला लागला तो अक्काबद्दलच. अक्का अशी, अक्का तशी, अक्का नसती तर आमचं घर उभं न्हाई राहिलं असतं. आणि माझं सगळं लक्ष कुठं? माझ्या दातात पोह्यातली कोथिंबीर अडकली आहे का, तिकडं! ओठ मिटून मी आपली "हो हो" करत होते.

खाली आईनं विचारलं, "व्याही काय करतात?"

मल्लू म्हणाला, "अप्पा पाण्यावर असतेत."

"पाटबंधारे खातं!" आई माझ्या कानात कुजबुजली. झालं. सासरे पाटबंधारे खात्यात. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आमच्या घरात संशोधन असंच चालतं.

सोयरीक पक्की झाली. माणूस आवडला होता मला, खरंच. मी दचकले की तो हसत नाही, थांबतो. असा माणूस कुठं मिळतो? आणि मग एक दिवस त्याचा फोन.

"ऐक की. येत्या रविवारी अक्काचा निरोप हाय. दोन्ही काठाची गावं जमायलीत. अप्पा म्हणालेत, सूनबाई शिकलेली हाय, चार शब्द तिलाच बोलू दे."

"अक्का?" माझ्या तोंडून निसटलं.

"अगं आपली अक्का! गच्चीवर किती बोललो तुला मी!"

"हो हो! अक्का!"

आता सांगा, इथं विचारायला काय हरकत होती? "अक्का कोण रे?" तीन शब्द! पण होणाऱ्या नवऱ्यानं जिच्याबद्दल आख्खी गच्ची खर्ची घातली, ती कोण हे मी विचारायचं? मी ऐकतच नव्हते हे त्याला कळायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं.

मग मी हुशारी केली. थेट सासऱ्यांना फोन लावला. भाषणासाठी माहिती हवी, असं म्हणायचं आणि बोलण्या-बोलण्यातून अक्का कोण ते काढून घ्यायचं. बी.एड.ला शिकवलंय आम्हाला, ज्ञातातून अज्ञाताकडं.

"अप्पा, अक्का मूळच्या कुठल्या?"

"मूळची कोकणातली गं. समुद्राकाठची." अप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "तिकडं कुणी इचारत न्हवतं तिला. वापरून घेतले आन् किनाऱ्याला टाकून दिलते. मीच जाऊन पसंत करून आणलो."

माझ्या हातातलं पेन थांबलं. पसंत करून?

"लोकं लई हसले. म्हणले, अप्पा, भिताडासारखी हाय की रे ही! ह्या वयाची कामून आणलास? मी म्हणलो, अंगापिंडानं दणकट हाय, आपल्या गोड्या पाण्याला सुधारंल. वाजतगाजत आणलो. गावच्या बायांनी हळद-कुंकू लावून ओटी भरली."

ओटी भरली! मी पलंगावर बसले. बसले म्हणजे पडलेच.

"आणि... त्यांची तब्येत?"

"पोटात पाणी व्हायचं बघ तिच्या. रोज सकाळी उठून उपसायचं."

"उ... उपसायचं?"

"डब्यानं! मी आन् शेजारचा खादरभाई मिळून. नंतर मोटर लावली."

देवा! जलोदर ऐकला होता, पण डब्यानं? मोटर लावून? त्या बाईनं काय काय सोसलं असेल!

"मशीन बी दोनदा बदलली आतली. तिसऱ्यांदा बदलायची म्हणलं तर हैद्राबादचा माणूस म्हणाला, आता सोसनार न्हाई, अप्पा. सोडा तिला."

हृदय. पेसमेकर. हैद्राबादचे डॉक्टर. माझे डोळे भरून आले.

"पण काय सांगू पोरी, कुणाला कवा न्हाई म्हणली न्हाई. पावसाळ्यात रस्ता बंद पडला की दवाखान्याची सोय तीच. किती बायका तिच्यापाशी मोकळ्या झाल्या! आपला मल्लू कुठं जन्मला असं वाटतं तुला? तुझ्या सासूला कळा सुरू झाल्या, वारं हे असं सुटलेलं, आन् निभावलं कुणी? अक्कानं!"

म्हणजे सुईण. किंवा नर्स. कोकणातली, टाकलेली, आजारी नर्स, जिला माझ्या सासऱ्यांनी पसंत करून, वाजतगाजत आणलं. पण आणलं कशासाठी? आणलं कोण म्हणून?

एवढ्यात पलीकडून सासूबाईंनी फोन हिसकावला. आत्याबाई म्हणते मी त्यांना. "काय इचारायलीस गं त्याला? त्या मानसाला अक्काशिवाय दुसरं काय सुचतंय? ती माझ्या आधीची हाय! मी लगीन होऊन आले तवा हा मानूस घरी कमी आन् तिच्यापाशीच जास्त झोपायचा. सवत हाय माझी, सवत!" आणि खो खो हसल्या.

मी फोन ठेवला. आई दारात उभी होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि पदर खोचला. मी सगळं सांगितलं.

आईनं क्षणाचाही विचार केला नाही. "थोरली बायको हाय ती."

"अगं पण अक्का म्हणतात..."

"अगं येडे, धाकली थोरलीला अक्काच म्हणते! संतपूरच्या माझ्या आत्याच्या घरी न्हवतं का? धाकली आयुष्यभर थोरलीला अक्का, अक्का करायची. आन् तिच्या मागं सगळं गाव अक्का म्हणायचं." आईनं कपाळाला हात लावला. "दोन बायकांचं घर! आन् आपल्याला सांगितलं न्हाई! तुझ्या बाबांना कळलं तर सोयरीक उद्या सकाळी मोडतेत."

तुम्हीच सांगा, आता सगळं जुळत होतं की नाही? मल्लू गच्चीवर अर्धा तास काय सांगत होता? हेच! त्यानं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं होतं आणि मी कोथिंबीर शोधत होते. लपवलं त्यांनी नव्हतं, ऐकलं मी नव्हतं!

मी मल्लूला फोन केला. घसा खाकरून म्हटलं, "हे बघ, अक्कांबद्दल माझ्या मनात काही नाही हं. मला सगळं मान्य आहे."

तो जरा गोंधळला. "बरं. माझी काळजी येगळीच हाय. अक्का गेल्यावर अप्पाचं कसं व्हनार? हैद्राबादचे लोक येणार, तिला घिऊन जाणार, मग तिचे तुकडे..."

आणि रेंज गेली.

तुकडे!

मी घरभर चार फेऱ्या मारल्या. तुकडे? जिवंत बाईचे? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देहदान! अक्कांनी हैद्राबादच्या कुठल्यातरी मेडिकल कॉलेजला देहदान केलं होतं! आता शेवटचे दिवस, म्हणून निरोप. केवढी थोर बाई! टाकलेली, आजारी, सवतीचं बाळंतपण करणारी, आणि मरतानाही शरीर दुसऱ्याला देणारी! मी उशीत तोंड घालून रडले. मग मी ठरवलं. ही सोयरीक मोडायची नाही. उलट, ह्या बाईला तिचा मान मीच मिळवून द्यायचा. सगळ्यांसमोर, माइकवरून, एकदाच. आई ऐकेल, तिचं मन वितळेल, ती बाबांना सांभाळून घेईल आणि माझं लग्न होईल.

रविवार उजाडला. आईनं अक्कांसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं, तोंड वाकडं करून का होईना. रिक्षानं तो वळसा घालून आम्ही पोहोचलो. पाण्याच्या काठाला हा मांडव! भोंगा लावलेला, बायकांचे घोळके, दोन्ही काठांची माणसं. मागं पाण्यात एक भलीमोठी लोखंडी बोट. माणसं, बकऱ्या, मोटरसायकली, ट्रॅक्टर, सगळं ह्या काठाचं त्या काठाला नेतात ना, तसली. नखशिखांत झेंडूच्या माळा, आंब्याची डहाळी, पुढच्या अंगाला चक्क लुगडं पांघरलेलं. मी मनात म्हटलं, अक्कांना मिरवणुकीनं न्यायला बोटसुद्धा सजवली आहे. काय मान आहे!

मांडवात पुढं एकच खुर्ची, आणि खुर्चीत एक म्हातारी. कपाळभर कुंकू, पाय सुजलेले, हातात काठी. श्वास जरा जड. मी बघूनच ओळखलं. पेसमेकर!

खात्री करावी म्हणून वाकून हळूच विचारलं, "अक्का?"

"हूं," म्हातारी म्हणाली.

आता ह्याच्यापुढं अजून काय पुरावा पाहिजे? मी पायावर डोकं ठेवलं, शाल घातली, लुगडं मांडीवर ठेवलं, हार घातला. म्हातारीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग लुगड्याचा काठ बोटानं तपासला आणि गुपचूप पिशवीत घातलं. मांडवात जरा चुळबुळ झाली. पण मी माइक हातात घेतला, त्यानं "कुईंऽऽ" केलं, मी दचकून तो जवळजवळ पाण्यात फेकलाच होता, आणि त्या हशात सगळं झाकून गेलं.

मग मी बोलायला लागले. आणि काय बोलले हो मी! आजवर कधी बोलले नाही अशी.

"अक्का परक्या पाण्यातून इथं आल्या. लोकांनी टाकलेल्या. पण ह्या गोड्या पाण्यात त्या रुजल्या." टाळ्या!

"कधी माणूस बघितलं नाही, जात बघितली नाही. जो काठावर उभा राहून हाक मारील, त्याला त्यांनी पार केलं." हे आपलं मी आलंकारिक बोलत होते. पण एका म्हाताऱ्यानं पटका काढून डोळे पुसले.

"स्वतःच्या पोटात पाणी साठलेलं असताना त्या दुसऱ्यांची ओझी वाहत राहिल्या!" बायका मुसमुसायला लागल्या. खादरभाई, तेच डबावाले, मोठ्यानं म्हणाले, "सच बात है बेटी! मैं ही निकालता था!"

"आणि आता, जातानासुद्धा, त्यांच्या अंगाचा कण न कण कुणाच्यातरी कामाला येणार आहे!"

अप्पा खांबाला टेकून उभे होते, ते खांबाकडंच तोंड करून रडायला लागले. आत्याबाईंनी नाक शिंकरलं. माझी आई, तुम्हाला खरं वाटणार नाही, माझी आईसुद्धा रडत होती! सगळा मांडव माझ्या मुठीत. मल्लू मागून माझ्याकडं असा बघत होता, की बास. इथं मी "धन्यवाद" म्हणून माइक ठेवला असता तर आज मी तालुक्याची वक्त्री असते.

पण मी थांबते होय!

"आज मला एक गोष्ट उघड बोलायची आहे," मी म्हटलं. "ह्या घरात लोक काय म्हणतील ह्याची भीती कशाला? आत्याबाई धाकट्या असतील. पण अप्पांच्या पहिल्या पत्नी अक्काच आहेत!"

रडणं थांबलं. मला वाटलं, परिणाम झाला.

"आणि मी आज सगळ्यांसमोर वचन देते. ह्या अवस्थेत अक्कांना मी कुठंही जाऊ देणार नाही. हैद्राबादच्या लोकांना परत पाठवा! लग्न होऊन मी ह्या घरात आले की अक्का माझ्याजवळ राहतील. माझ्या खोलीत! माझ्या पलंगाशेजारी!"

पलीकडून कुणीतरी हळूच विचारलं, "मावल का वो बाई, खोलीत?"

"मनात जागा असली की खोलीत होते!" मी ठणकावून सांगितलं आणि खुर्चीतल्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारी दचकली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळं दुसरं कुणी दचकलं. "मला कुठं ठिवून घ्यायलीस गं बाई?" ती ओरडली. "मला लेकीकडं जायचंय त्या काठाला! कवाची बसलेय! आधी भाषण व्हय, मग भाषण व्हय, ही बोट सुटायली कवा?"

माइक चालू होता. दोन्ही काठांनी ऐकलं.

"मग... तुम्ही अक्का नाही?"

"अक्का न्हाई तर काय अण्णा हाय? नातवंडं सोडून सगळी मला अक्काच म्हणतेत."

आणि तेवढ्यात, बघा हं, नेमकं तेवढ्यात वारं आलं. बोटीवरचं लुगडं उडालं, आणि खाली पांढऱ्या रंगात, माझ्याएवढी उंच, कन्नडमधली दोन अक्षरं. अ. क्क. म्हणजे अक्का!

मी बोटीकडं बघितलं. बोट माझ्याकडं बघत होती. कोकणातली. किनाऱ्याला टाकलेली. पोटात पाणी. मशीन दोनदा बदललेली. अंगापिंडानं दणकट. आणि तिच्यामागं, पाण्यावरून गेलेला कोरा करकरीत पूल. उद्यापासून खुला होणारा, ज्याच्यामुळं आता अक्काला काम राहणार नव्हतं, आणि भंगारवाले हैद्राबादहून यायचे होते. तो पूल मला येताना दिसला होता बरं का! पण मी पुलाकडं कुठं बघणार, मी भाषण पाठ करत होते!

हसण्याचा जो काय आवाज झाला म्हणता! मांडवातलं कबुतर न् कबुतर उडालं. खादरभाई मांडी थोपटत, "पहिली बीवी! अप्पा, सुनो, पहिली बीवी!" आत्याबाई तर जमिनीवरच बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सवत म्हणाले म्हणून काय खरी सवत करून ठिवलीस गं!" माझी आई? आई शेजारच्या बाईला सांगत होती, "मला आधीपासूनच वाटत होतं, बोट असणार."

मला पाण्यात उडी मारावीशी वाटत होती. पण पोहता येत नाही, आणि काढायला परत अक्कालाच यावं लागलं असतं.

अप्पा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडं चालत आले. मी डोळे मिटले. मोडली सोयरीक!

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी," म्हणाले, "सकाळपासून समदे मला म्हणायलेत, अप्पा, लोखंड हाय, कामून रडायलास? तू एकटीच तिला मानूस समजलीस." मग बोटीकडं बघून म्हणाले, "पहिलीच होती ती. खोटं काय बोललीस?"

अक्काची शेवटची फेरी झाली. म्हातारीला तिच्या लेकीच्या काठाला सोडलं. माझी शाल, हार, लुगडं, सगळ्यासकट. आईनं लुगड्याचा विषय काढून बघितला, पण म्हातारी म्हणाली, "निरोपाचं परत देत न्हाईत, अपशकून असतो." मी बोटीच्या कठड्याला घट्ट धरून उभी होते. मल्लू शेजारी. तो हसला नाही, थांबला. मग एवढंच म्हणाला, "गच्चीवर तू काय ऐकत होतीस मग?"

"कोथिंबीर," मी म्हटलं.

लग्न झालं, थाटात झालं. पण अप्पा शब्दाचे पक्के, आणि वचन मी माइकवरून दिलेलं! अक्काला नेणाऱ्यांकडून त्यांनी तिचा नांगर ठेवून घेतला. लोखंडी, काळाकभिन्न, चार माणसांनी उचलायचा. शेतातला नव्हे हो, बोटीचा. मी माप ओलांडून आत आले तर हळद-कुंकू लावलेला तो नांगर माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी! मावला. मनात जागा होती ना!

रोज सकाळी कुकरची शिट्टी होते. रोज मी दचकून उठते, रोज माझी करंगळी त्या नांगरावर आपटते, आणि रोज मी किंचाळते, "आई गंऽऽ!"

आणि स्वयंपाकघरातून आत्याबाई रोज ओरडतात, "आई न्हाई गं, अक्का म्हण! थोरली हाय ती!"